मान हलवायची नाही

आमच्या मॅडमच्या टेबलावर एक घंटी असायची. कचेरीत साहेब लोक शिपायाला बोलवायला ठेवतात तसली, वरून तळहात मारला की ‘टिंग’ वाजणारी. आमच्याकडे शिपाई नव्हता. घंटी होती ती माझ्या मानेसाठी. समोरचं माणूस बोलत असताना माझी मान हलली रे हलली की टिंग. पहिल्या दिवशी ती इतक्या वेळा वाजली की खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर वर येऊन विचारून गेले, इथे रोज आरती असते का म्हणून.

आता माझी मान का हलते ते सांगायला हवं. मी मूळची पार्लरवाली. नाशिकला इंदिरानगरमध्ये माझं छोटंसं ब्यूटी पार्लर होतं, ते करोनात बसलं ते बसलंच. पार्लरमध्ये हात जेवढे चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालवावं लागतं आणि तिप्पट मान. गिऱ्हाईक सासूबद्दल बोललं की हो हो, सुनेबद्दल बोललं तरी हो हो. सासू-सून दोघी माझ्याकडेच यायच्या, आणि दोघींनाही वाटायचं की ही आपल्या बाजूची. गंमत अशी, की भुवया कोरताना मी दिवसभर बायकांना ‘ताई, मान हलवू नका’ म्हणून दटावत आले आणि स्वतःची मात्र आरशात बघून डोलवत राहिले. माझा नवरा म्हणतो, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईलाही तू होकार देतेस, तिला बिचारीला माहीतही नसतं.

पार्लर बंद पडल्यावर एका मैत्रिणीच्या ओळखीने मी एका लहानशा संस्थेत चिकटले. ज्याच्यावर गुन्हा झाला त्या माणसाच्या सोबतीला राहायचं, हे तिथलं काम. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या आतसुद्धा. वकील वेगळे, पोलीस वेगळे, आम्ही नुसते सोबतीला. मला वाटलं, हे तर आपल्या घरचं काम. दुखावलेल्या बाईशी चार शब्द गोड बोलायचे, पाठीवरून हात फिरवायचा, झालं. सोबतीला बसण्याचंही शिक्षण असतं आणि ते शिकवायला कोणी बाई असतात, हे कोणी मला सांगितलं असतं तर मी हसले असते. त्याला हो हो करून, अर्थात.

मॅडम कोर्टातून निवृत्त झालेल्या स्टेनो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगणार, न्यायाधीश त्याचं वाक्य करून देणार आणि या टाइप करणार, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. खून, दरोडे, फसवणुकी, बायकांवरचे अत्याचार, सगळं त्यांच्या बोटांतून गेलं, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. असं त्याच सांगायच्या, आणि अभिमानाने सांगायच्या. एकदा एका मोठ्या खटल्यात त्यांना शिंक येत होती, ती त्यांनी म्हणे जेवणाच्या सुट्टीपर्यंत धरून ठेवली. कडक इस्त्रीची सुती साडी, मानेवर घट्ट अंबाडा, गळ्यात आईने दिलेली एक बारीक सोनसाखळी, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबायच्या, जणू कोणीतरी ते टाइप करून घेतंय. निवृत्तीनंतर हे शिकवण्याचं खूळ कशाला घेतलंत, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, ‘साक्षीदार चांगले होते गं. शेजारी बसणाऱ्यांनी घाण केली.’

आमची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. जो ज्या धंद्यातून आला तेच त्याचं नाव. मी पार्लर. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर बालवाडी चालवून आलेल्या कमलबाई म्हणजे बालवाडी. आणि देवळालीचे एक निवृत्त विमा एजंट होते, ते विमा. ‘पार्लर, तू बोल. विमा, तुम्ही ऐका. बालवाडी, तू बघ विमा झोपतायत का.’ आमचं प्रशिक्षण असं चालायचं. मला आधी राग यायचा, मग एकदा त्यांनी चुकून माझं खरं नाव घेतलं तेव्हा मी दचकलेच, की आता काय केलं मी.

काही वाक्यांवर त्यांच्याकडे बंदी होती. ती नेमकी माझ्या जिभेवर सगळ्यात पुढे बसलेली. ‘मी समजू शकते’ म्हटलं की टिंग. ‘तू समजू शकत नाहीस. तू पार्लर आहेस.’ ‘सगळं ठीक होईल’ म्हटलं की टिंग. ‘तुला कोणी सांगितलं? न्यायाधीशांचा फोन आला होता का?’ आणि ‘थोडक्यात निभावलं’ म्हटलं की घंटी नाही, सरळ डोळे वटारायच्या. थोडक्यात की भरपूर, ते जिच्यावर बेतलं ती ठरवेल, असं त्यांचं म्हणणं. माझ्या बोलण्यातून ही तीन वाक्यं वजा केल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरतच नाही, असं मी कुरकुरत म्हणाले. ‘आता शिकायला सुरुवात झाली,’ मॅडम म्हणाल्या.

पण बोलण्याचं एक वेळ जमलं. मानेचं जमेना. मान हलण्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं, इगतपुरीच्या मुलीची साक्ष होईपर्यंत.

ती मुलगी इगतपुरीहून रोज रेल्वेने येऊन सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला जायची. तिथला सुपरवायझर तिची वाट अडवून अंगचटीला गेला, तिने तक्रार केली, आणि खटला उभा राहिला. साक्षीच्या दिवशी विमा आजारी, बालवाडी दुसऱ्या कोर्टात, म्हणून मला पाठवलं. माझं शिक्षण तेव्हा अर्धंच झालं होतं, पण मी मोठ्या तोऱ्यात गेले. पोरगी पिंजऱ्यात उभी राहिली, मी समोर मागच्या बाकावर बसले, आणि ती माझ्याकडे बघत बोलायला लागली. काय सुरेख बोलत होती. मी तिच्या प्रत्येक वाक्याला हो हो करत होते, अगदी मनापासून. तेवढ्यात आरोपीचे वकील उठले आणि हात लांब करून माझ्याकडे दाखवत म्हणाले, ‘महाराज, साक्षीदार आधी त्या बाईंकडे बघते, बाई मान हलवतात, मग ती उत्तर देते. साक्ष नक्की कोण देतंय?’

झालं. सगळ्या कोर्टाने मागे वळून पाहिलं. आणि मी काय केलं असेल? न्यायाधीशांनी सौम्यपणे विचारलं, बाई, तुम्ही मान हलवत होतात का? मी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी तितक्याच सौम्यपणे मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं. पुढची सगळी उलटतपासणी त्या पोरीने एकटीने काढली. मी व्हरांड्यात बाकावर बसून घशाला कोरड पडेपर्यंत देवाचं नाव घेत होते. पोरगी खमकी, बधली नाही. पण बाहेर आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘ताई, तुमची मान हलताना दिसायची ना, तोवर बरं वाटत होतं.’

हे वाक्य मी मॅडमना मोठ्या आशेने सांगितलं. म्हटलं बघा, तिला तर बरंच वाटत होतं. टिंग. ‘तिला बरं वाटणं आणि तिची साक्ष टिकणं यातलं एक निवडायला लागलं तर तू काय निवडशील?’ मी घंटीकडे बघायला लागले. ‘तिला वेड लागलंय आणि तुलाही,’ त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मला एकटीला चार वाजता बोलावलं.

ते चार वाजताचे वर्ग आठवले की मला अजून घाम फुटतो. मॅडम समोर बसून गोष्ट सांगायच्या आणि मी मान न हलवता ऐकायची. गोष्टी सगळ्या त्यांच्या नात्यातल्या, आणि एकीपेक्षा एक भयंकर. नणंदेने जावेचे दागिने कसे लपवले, मामेभाऊ लग्नाच्या आदल्या दिवशी कुठे पळाला. बाई स्टेनो असल्या तरी सांगायच्या असं की ऐकणाऱ्याचा जीव वर-खाली व्हावा. आणि मध्येच थापा घालायच्या. ‘मग मी त्याच मामेभावाच्या सासऱ्याशी लग्न केलं,’ म्हणायच्या, आणि माझी मान हो हो. टिंग. ‘ऐकतेयस का नुसती डोलतेयस?’ तेव्हा मला शरमेने कळलं की मी बायकांचं ऐकत आले असं मला वाटायचं, पण मी ऐकत नव्हते, मान हलवत होते. ही दोन कामं वेगळी आहेत.

मान हलवायची नाही तर करायचं काय, हे विचारायचं धाडस कमलबाईंनी केलं. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, आमी आशे दगडागत बसलो तर त्या पोरीला वाटंल ह्या बाया झोपल्यात. तिनं बघायचं कुणाकडं?’ मॅडमनी पहिल्यांदा घंटीवरचा हात मागे घेतला. खुर्ची सरकवून त्या आमच्या समोर बसल्या आणि दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकवले. एक पाय दुसऱ्यावर नाही, टाचा वर नाहीत. हात मांडीवर. ‘असं. पिंजऱ्यातून तिला आपलं तोंड नाही दिसलं तरी चालेल. कोणीतरी टेकून बसलंय आणि उठून जाणार नाहीये, एवढं दिसू दे.’ त्या तशाच बराच वेळ बसून राहिल्या. मला उगीच रडू यायला लागलं, आणि विमाकाका तर चष्मा पुसायला लागले.

हे सगळं निधी देणाऱ्यांना कसं समजावायचं, हा आमचा कायमचा पेच. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे, कारण मला कॉम्प्युटर येतो असा संस्थेत एक गैरसमज होता. एका कंपनीचे साहेब आमचं काम बघायला येणार होते. मी आठवडाभर खपून स्लाइड बनवल्या. ‘क्षमता बांधणी’, ‘संवाद कौशल्य’, ‘सक्षमीकरण’, रंगीत बाण, गोल, सगळं. साहेब सभ्य होते. स्लाइड संपेनात, पण ते प्रत्येक स्लाइडला मान हलवत होते. मी खूश होऊन पुढची लावली, आणि टिंग. मॅडमनी साहेबांवर घंटी वाजवली होती. सवयीने, त्या नंतर म्हणाल्या. मला नाही वाटत सवयीने.

साहेबांनी दचकून विचारलं, तुम्ही लोक नेमकं करता काय? मी पुढची स्लाइड शोधेपर्यंत मॅडम म्हणाल्या, ‘बसतो.’ साहेबांनी विचारलं, तुमच्यामुळे किती गुन्हेगारांना शिक्षा झाली? मॅडम म्हणाल्या, ‘ते सरकारी वकिलांना विचारा. आम्ही आलो होतो म्हणून ती बाई साक्ष न देता घरी पळाली नाही, एवढंच आमचं.’ मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब गेले आणि काही आठवड्यांनी मदत आली ती पिशव्यांच्या रूपाने. चांगल्या दणकट पिशव्या होत्या, पण प्रत्येकीवर कंपनीचं नाव हाताच्या पंजाएवढं. कोर्टाच्या दारात भेदरलेल्या बाईशेजारी कंपनीची जाहिरात धरून कसं उभं राहायचं? मॅडमनी सगळ्या पिशव्या उलट्या केल्या, आतली बाजू बाहेर. त्याच उलट्या पिशवीत आम्ही अजून पाण्याची बाटली, लिंबाच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, सेफ्टी पिना, चार्जर आणि राजगिऱ्याची वडी घेऊन फिरतो. व्यावसायिक साधनसामग्री म्हणून मी अर्जात जे लिहिलं होतं ते हेच.

आणि मग एका सकाळी मॅडमच्या गळ्यातली साखळी गेली. गंगापूर रोडला दुधाच्या केंद्राजवळून त्या फिरून येत होत्या. मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्याने साखळीला हात घातला, साखळी तुटली, मॅडम पडल्या, मनगट मोडलं. बालवाडीचा फोन आला तेव्हा मी हातातली कणीक तशीच टाकून निघाले.

घरी गेले तर शेजारीपाजारी जमलेले. मॅडम कॉटवर बसलेल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये, अंबाडा सुटलेला. मी त्यांचे केस मोकळे कधी पाहिले नव्हते. एक काकू म्हणत होत्या, थोडक्यात निभावलं हो, गाडीखाली गेला असतात तर. कोणी म्हणालं, या वयात सोनं घालून फिरायचं कशाला. कोणी म्हणालं, सगळं ठीक होईल, पोलीस पकडतील. खोलीभर ती बंदी घातलेली वाक्यं एकामागून एक येत होती. रोज संस्थेतून घरी आणायच्या ती घंटी समोर टेबलावर, आणि मॅडम कोणाच्याच अंगावर खेकसेनात. त्या नुसत्या ऐकत होत्या. खरं सांगते, मला चोराइतकाच त्या काकूंचाही राग आला. आणि मीही तोंड उघडलंच होतं. काय बोलणार होते ते सांगत नाही, त्यांना कळलं तर त्या इतक्या लांबूनही घंटी मारतील.

तोंड मिटलं. स्टूल ओढलं, समोर बसले, दोन्ही पाय टेकवले. हळूहळू माणसं गेली. संध्याकाळ झाली. मी चहा केला, तो निवला. आयुष्यात एवढा वेळ मी जागेपणी गप्प बसलेली नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, ‘पार्लर, मधलं सगळं गेलंय गं. गाडीचा आवाज आठवतो आणि एकदम रस्ता तोंडापाशी. मधलं काही नाही. मला साक्षीला बोलावलं तर मी काय सांगू?’ आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवून घेतलेली बाई, तिला स्वतःवर गुदरलेले ते दोन क्षण सापडत नव्हते, आणि तिला त्याची लाज वाटत होती. ‘आठवत नाही हेही उत्तर असतं,’ हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. पण ते त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढे चोर सापडला, साखळीही सापडली, आणि बऱ्याच तारखांनंतर मॅडमना साक्षीचं समन्स आलं. मधल्या काळात त्यांना एकेक गोष्ट आठवत गेली. दुधाचं केंद्र, मग गाडी मागून उजव्या बाजूने आलेली, मग मानेला बसलेला हिसका. मला त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं की मी झोपेत म्हणून दाखवलं असतं. तरी त्यांची भीती एकच, पिंजऱ्यात उभं राहिल्यावर पुन्हा सगळं पुसलं गेलं तर? सोबतीला कोण हवं, असं संस्थेने विचारलं. विमाकाका शांत, कमलबाई अनुभवी. मॅडम म्हणाल्या, पार्लर. मला रात्रभर झोप नाही. माझी मान आणि मॅडमची साक्ष, या दोन गोष्टी एका खोलीत आणायची कल्पना कोणाही शहाण्या माणसाला सुचली नसती.

त्या दिवशी कोर्टात मॅडम इस्त्रीच्या साडीत, अंबाडा घट्ट. सरकारी वकिलांचे प्रश्न व्यवस्थित पार पडले. साखळी ओळखली, तिच्या कडीशी आईने बांधलेला लाल दोरा ओळखला. मग आरोपीचे वकील उठले. तरुण होते, हुशार होते, आणि त्यांनी मॅडमची सगळी माहिती काढली होती. त्यांनी विचारलं, तुम्ही साक्षीदारांना शिकवण्याचं काम करता, बरोबर?

‘नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘साक्षीदारांना शिकवायचं नसतं. मी त्यांच्या सोबतीला बसणाऱ्यांना गप्प बसायला शिकवते.’ मग प्लास्टर निघालेला, किंचित वाकडा राहिलेला हात त्यांनी उचलला आणि माझ्याकडे दाखवला. ‘त्या मागच्या बाकावरच्या बाई. अजून शिकतायत.’

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. पण त्यानंतर झालं असं, की सगळं कोर्ट माझ्या मानेकडे बघायला लागलं. वकील तर एक डोळा माझ्यावर ठेवूनच बोलत होते. आणि नेमका तेव्हा त्यांनी साधा प्रश्न टाकला, गाडी कोणत्या बाजूने आली, डावीकडून की उजवीकडून?

मॅडमनी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला. मी ओळखलं, गेलं, पुसलं गेलं. त्यांनी पिंजऱ्याची कड धरली आणि माझ्याकडे बघितलं. कसं बघितलं म्हणून सांगू. इगतपुरीच्या पोरीने बघितलं होतं अगदी तसंच. उत्तर मला पाठ होतं. बोटभर मान उजवीकडे कलली असती तरी त्यांना पुरलं असतं. माझी मान आतून ओढ घेत होती. मी पाय जमिनीत रोवले आणि दगडासारखी बसले. वकील माझ्याकडे बघत होते. न्यायाधीश माझ्याकडे बघत होते. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

मग मॅडमनी नजर खाली नेली, स्वतःच्या मनगटावर. थोडा वेळ त्या हाताकडेच बघत राहिल्या. ‘उजवीकडून,’ त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबत पुढे सांगायला लागल्या. ‘साखळी ज्या बाजूला ओढली त्या बाजूला मी पडले. हा हात टेकला. हाच मोडला.’ न्यायाधीशांनी वाक्य करून दिलं, नवी स्टेनो टाइप करत होती. मॅडमनी तिच्याकडे बघून विचारलं, ‘झालं?’ ती बिचारी मान हलवून हो म्हणाली. तिला कोणी काही बोललं नाही.

बाहेर आल्यावर मी हवेत होते. आज शाबासकी मिळणार, निदान टिंग तरी नाही. गेटाजवळच्या टपरीवर चहा सांगितला. मॅडमनी ग्लास हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘एवढीशी मान हलवली असतीस तर काय बिघडलं असतं गं?’

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांची हनुवटी थरथरत होती आणि चहा ग्लासातून सांडत होता. मी ग्लास त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला. तशा त्या म्हणाल्या, ‘त्या इगतपुरीच्या पोरीला मी वेडी म्हटलं होतं ना?’ मग नाक पुसून, पुन्हा मॅडम होऊन, म्हणाल्या, ‘नियम तोच. आत हलवायची नाही. पण बाहेर आलं की लगेच हलवायची. चहाच्या आधी.’ मी ताबडतोब मान हलवायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, ‘आता नको. आता मागून घेतल्यासारखं होईल.’

त्या खटल्याचा निकाल अजून लागायचाय. मनगट पहिल्यासारखं झालं नाही, एकटीने राहणं जमेना, म्हणून त्यांच्या मुलीने त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. आता संस्थेत नव्या लोकांना मी शिकवते. मी लोकांना गप्प बसायला शिकवते हे ऐकून माझ्या नवऱ्याला जेवताना ठसका लागला होता. घंटी मला मिळेल असं मला आपलं वाटत होतं, पण मॅडमनी ती सामानात भरून घेतली. जावई प्रत्येक गोष्टीला मान हलवतात, तिथे लागेल, म्हणाल्या.

नाशिकरोडला त्यांना सोडायला आम्ही तिघं गेलो. गाडी थोडाच वेळ थांबते. विमाकाकांनी बॅगा चढवल्या, कमलबाईंनी राजगिऱ्याच्या वड्यांची पुडी दिली, उलट्या पिशवीत घालून. डबा एसीचा, काच बंद. मॅडम खिडकीशी बसल्या आणि आतून माझ्याशी काहीतरी बोलायला लागल्या. बरंच बोलल्या, प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबत. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण मी मान हलवायला लागले. हो मॅडम, हो, नीट सांगितलंत, सगळं नीट सांगितलंत. गाडी सुटली तशी मी तिच्याबरोबर चालत, मान हलवत, डोळ्यांतून धारा, सगळा प्लॅटफॉर्म बघतोय. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि हसत हसत तो वाकडा हात वर उचलून काचेआड हवेतच खाली मारला.

टिंग मला स्वच्छ ऐकू आली. मान काही थांबली नाही.